पोटातली जाळी

लंकाबाईचं पोट आणीबाणीत फाडलं, पण ते बाहेर यायला त्यानंतर दोन वर्षं लागली.

गोदाकाठच्या एका गावात नसबंदीचं शिबिर भरलं होतं. शाळेची बाकं जोडून टेबलं केलेली, खिडक्यांना चादरी लावलेल्या. वरून आकडा आला होता आणि तो सूर्य मावळायच्या आत पुरा करायचा होता. बायका पडवीत रांगेनं बसलेल्या. एकीला उतरवलं की दुसरीला चढवायचं. लंकाबाईला टाके घालणाऱ्याचं लक्ष तिच्या पोटाकडं नव्हतंच, पुढच्या बाईचं लुगडं सोडलं की नाही याच्याकडं होतं. पोत्याचं तोंड दाभणानं शिवतात तसं त्यानं शिवलं आणि हात पुसले. जखम चिघळली, पू झाला, भरली. भरली असं सगळ्यांना वाटलं. वरची कातडी तेवढी भरली होती. आतली भिंत उसवलेलीच राहिली.

मग एक दिवस बेंबीखाली लिंबाएवढा उंचवटा आला. लिंबाचं संत्रं झालं, संत्र्याचं नारळ. खोकलं की टरारून बाहेर, उताणं झोपलं की गुडूप आत. लंकाबाई मल्हारीच्या, म्हणजे नवऱ्याच्या, जुन्या धोतराची पट्टी फाडून पोटाला करकचून आवळायची, वर लुगड्याचा ओचा खोचायची आणि कामाला जायची. आत काय गुरगुरतंय ते तिचं तिला ठाऊक.

काम बांधकामावरचं. नाशिक रोडला तेव्हा कॉलन्यांवर कॉलन्या उठत होत्या. नोटांच्या प्रेसमधल्यांच्या सोसायट्या, रेल्वेतल्यांच्या सोसायट्या, बँकवाल्यांच्या. ज्यांच्या घरात लंकाबाईला पायरीवर बसवून पाणी वरून ओतलं असतं, त्यांच्या डोक्यावरची स्लॅब तिनं आपल्या डोक्यावरून वर नेली होती.

देवराम मुकादमाची एक रीत होती. तो बाई घेत नसे, जोडी घेई. काँक्रीटनं भरलेलं घमेलं एकटीला डोक्यावर चढवता येत नाही. समोरून दुसरीनं हात द्यावा लागतो. त्याला उचलू लागणं म्हणतात. ही तिला उचलू लागणार, ती हिला. जोडी आली तर दोघींना काम, एकटी आली तर आल्या पावली माघारी. लंकाबाईची जोडी शकुबाई. धिप्पाड, काळीभोर, तोंडाची फाटकी आणि मनानं सोन्यासारखी. पोट वाढलं तसं लंकाबाईला वाकून उचलू लागणं होईना. मग शकुबाई आपलं घमेलं आधी गुडघ्यावर टेकवी, दात खाऊन आपलं आपण चढवी, वर लंकाबाईलाही चढवी आणि म्हणे, "चल गं माझे गाभणे, चढ वर."

"गाभणी तुझी आय," लंकाबाई म्हणायची. बाकीच्या बाया हसायच्या. पण देवरामनं पाहायचं ते पाहिलंच.

"लंके, हे असं नाय चालायचं," चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो म्हणाला. "उद्या शिडीवर पोट फुटलं तर शेट मला आत घालीन. आधी पोट शिवून घे. दिवाळीनंतर मोठ्या स्लॅबा हायेत. जोडी नीट उभी राहिली तर घेतो. नायतर शकूला दुसरी बघून देतो."

"कुणी दुसरी देत असंल तर मी तिला वरच्या मजल्यावरून खाली देईन," शकुबाई म्हणाली. पण ते बोलणंच होतं. शकुबाईलाही पोट होतं, लेकरं होती, आणि नवरा गेलेला होता.

म्हणजे गोष्ट एवढीच होती. दिवाळीच्या आत लंकाबाईचं पोट सपाट झालं पाहिजे. नाहीतर जोडी गेली, आणि जोडी गेली की नाशिक रोडला कुठलाच मुकादम एकट्या बाईला विचारत नाही.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या वाघिणी खाली करणाऱ्या टोळीत मल्हारी होता. एक दिवस खाडा करून त्यानं बायकोला नाशकातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. मुंबईचा मोठा डॉक्टर तिथं शनिवारी येई. त्याच्या मागं दोन शिकाऊ पोरगे.

"आधीचं ऑपरेशन कुठं झालं?" मोठ्या डॉक्टरनं विचारलं.

"शाळेत," लंकाबाई म्हणाली.

शिकाऊ पोरगे फिसकन हसले. मोठा डॉक्टर हसला नाही. त्यानं तिला खोकायला लावलं, बोटं खुपसून पाहिलं आणि मल्हारीकडं वळून म्हणाला, "आतली भिंतच शिल्लक नाही. नुसतं शिवलं तर पुन्हा उसवेल. जाळी बसवावी लागेल."

पोट लंकाबाईचं, पण बोलणं मल्हारीशी.

"जाळी म्हंजी? लोखंडाची?" मल्हारीनं विचारलं.

"प्लॅस्टिकच्या धाग्याची. कायमची आत राहते. मांस तिच्यात रुजतं. मुंबईहून मागवावी लागते, पण बघू. तुमचं नशीब असेल तर इथंच निघेल."

नशीब निघालं. ते कसं निघालं ते वॉर्डातल्या आयानं, विमलाबाईनं सांगितलं. "एका शेटच्या पोटासाठी भली मोठी आणलेली होती. अर्धी लागली, अर्धी उरली. ती वाफेच्या डब्यात घालून ठेवलेली. ती तुला."

लंकाबाई पलंगावर पडल्या पडल्या हसली. "बाई, आमच्या वाट्याला आजवर ताटातलं उरलेलं आलं. पोटातलं उरलेलं पयल्यांदाच."

"गप पड. फुकट मिळतंय ना?"

"व्हय. तेबी फुकटच मिळायचं."

ऑपरेशन झालं. पोटातून एक रबरी नळी बाटलीत सोडलेली होती, ती काढली. टाके काढले. जाताना शिकाऊ डॉक्टरानं एवढंच सांगितलं की तीन महिने जड उचलायचं नाही. मल्हारीनं बोटं मोजली. पोळा व्हायचा होता. तीन महिन्यांनी दिवाळी होऊन जाते. बसतंय.

घरी आल्यावर लंकाबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. खोकली. काही बाहेर आलं नाही. पुन्हा खोकली, जरा जोरात. काही नाही. मग तिला तो नादच लागला. शेजारीण आली की तिच्यासमोर खोके, मल्हारी कामावरून आला की त्याच्यासमोर खोके.

"ओ, बघा ना इकडं. खोकते हां."

"खोक खोक. टीबी झाला म्हणून लोकं वस्तीतून काढतील," मल्हारी म्हणायचा, पण बघायचा. इतक्या वर्षांत त्यानं बायको अशी ताठ उभी पाहिली नव्हती.

शकुबाई बघून गेली. "आता कुणाला गाभणी म्हणू?" म्हणाली आणि डोळे पुसले.

आणि मग गाठ आली.

टाक्याच्या रेघेवरच, जुन्या जागी. सकाळी सुपारीएवढी होती, दोन-तीन दिवसांत मोसंबीएवढी झाली. लंकाबाईनं उताणं झोपून पाहिलं, गाठ आत जाईना. दाबली तर आतल्या आत डुचमळली. दुखत नव्हती, तापही नव्हता. तरी तिनं मनाशी पक्कं धरलं. पोट पुन्हा आलं. शेटची जाळी आपल्या पोटाला मानवली नाही.

मल्हारीनं पुन्हा खाडा केला. शनिवार नव्हता, मोठा डॉक्टर नव्हता. शिकाऊ होते. एकानं गाठ दाबली, टिचकी मारली, दुसऱ्याला बोलावलं आणि इंग्रजीत समजावून सांगू लागला. चांगलं सविस्तर, हात हलवून. काय झालंय, का झालंय, किती दिवस राहील, काय करायचं, काय करायचं नाही, सगळं. दुसरा मान डोलवत होता. ज्या बाईच्या पोटाबद्दल हे चाललं होतं ती पोट उघडं टाकून दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहत होती.

"साहेब, काय हाये हे?" तिनं विचारलं.

"काही नाही. होतं असं. जाईल."

"पण काय हे? पोट परत आलंय का?"

"बाई, सांगितलं ना काही नाही? घरी जा. पुढचा कोण आहे?"

जे त्यानं मित्राला सांगितलं ते मराठीत सांगायला किती वेळ लागला असता? जाळी नवी असते, अंगाला ओळखीची नसते, म्हणून तिच्याभोवती पाणी साचतं. महिन्याभरात अंग ते पिऊन टाकतं. कुणाला हात लावू देऊ नका. सुई नाही, चीर नाही. चार वाक्यं. लहान पोराला कळावीत अशी. पण ती चार वाक्यं शिकायला त्याला बापानं कॉलेजात घातलं होतं, आणि शिकलेलं असं कोपऱ्यावरच्या माणसाला फुकट वाटून टाकायचं नसतं. वाटून टाकलं तर आपण डॉक्टर कसले राहिलो?

गाठ वाढतच होती. तेवढ्यात मल्हारीची थोरली बहीण रंगूबाई सायखेड्याहून आली. तिनं भावजयीचं लुगडं बाजूला केलं, बोटानं गाठ हलवली आणि निकाल दिला.

"पाणी हे. काढायचं, मोकळं व्हायचं. आमच्याकडं बाजाराच्या दिशी चिमणाबाई येती, तुंबडी लावती. माझा गुडघा असाच भरला होता. एका तुंबडीत रिकामा."

"आक्का, असलं काय करायचं नाय," मल्हारी म्हणाला. "धर्म घेतला तवा आपल्या बापानं देव गंगेत सोडले. अंगारा नाय, गंडा नाय, देवऋषी नाय."

"अरे, देवऋष्याकडं नेते का मी तिला? तुंबडीला कुठं देव लागतो? ना नारळ ना उदबत्ती. शिंगानं पाणी ओढायचं. तुझे डॉक्टर सुईनं ओढतात, ती शिंगानं ओढती."

मल्हारीनं मनाशी आठवून पाहिलं. बापानं घरातून जे जे काढलं होतं ते देवाच्या नावाचं होतं, आणि तुंबडी त्यात नव्हती. वस्तीतल्या सगळ्यांची हीच समजूत. देव घालवला की अडाणीपणा गेला. ज्याच्यावर शेंदूर नाही ते औषधच. मल्हारी बायकोकडं पाहत राहिला.

लंकाबाई दिवाळीकडं पाहत होती. "जाऊन येते," ती म्हणाली.

सायखेड्याच्या बाजारात चिमणाबाई सुया, दाभण, बिब्बे, काळे मणी पुढ्यात मांडून बसलेली होती. वैदूची म्हातारी, तोंडात तंबाखूची गुळणी, गळ्यात मण्यांच्या माळाच माळा. तिनं रंगूबाईच्या घरी येऊन लंकाबाईला गोधडीवर निजवलं. टाक्याची रेघ पाहिली आणि हात मागं घेतला.

"हे दवाखान्याचं काम दिसतंय. आत काय घातलंय का, माय? लोखंड-बिखंड, पट्टी-बिट्टी? असंल तर सांग. मी हात लावायची नाय. आपलं काम कातडीचं आन् रक्ताचं."

"नुसते टाके घातले व्हते, तेबी काढले," रंगूबाई म्हणाली. तिला जाळीचं माहीतच नव्हतं. जाळीची गोष्ट वॉर्डातच राहिली होती. शेटचं उरलेलं पोटात घेतलं हे नणंदेला कोण सांगणार?

चिमणाबाईनं रंगूबाईकडं पाहिलंच नाही. ती लंकाबाईकडं पाहत होती. "तू सांग. आत काय हे का?"

लंकाबाईच्या ओठांवर शब्द आला होता. तिला दिसत होतं की म्हातारी उठून जाईल, गाठ तशीच राहील, शकुबाईच्या समोर दुसरीच कुणीतरी उभी राहील. लोखंड आहे का, असं विचारलं होतं ना? लोखंड नव्हतं.

"काय नाय," ती म्हणाली.

म्हातारीनं दाढीचं अर्धं पातं पदराला पुसलं. गाठीवर बारीक बारीक चिरा दिल्या, शिंगाचं रुंद तोंड त्यावर बसवलं, टोकाकडनं गाल आत जाईस्तोवर ओढलं आणि टोकाचं भोक मेणानं बंद केलं. थोड्या वेळानं शिंग काढलं तर वाटीभर पाणी. पिवळसर, स्वच्छ, करडईच्या तेलासारखं. पुन्हा लावलं, पुन्हा पाणी. गाठ बसली. पोट सपाट.

"बघ! पू नाय, रक्त नाय," चिमणाबाई खूश होऊन म्हणाली. "चांगलं पाणी हे. वाईट काय नव्हतंच." ती खरंच बोलत होती. वाईट काहीच नव्हतं. आत्तापर्यंत नव्हतं.

लंकाबाई परत आली ती नाचतच. शकुबाईच्या घरी जाऊन तिनं पोट दाखवलं. पाण्यानं भरलेली कळशी उचलायला गेली तेव्हा शकुबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "दिवाळी होऊ दे, भवाने. मंग उचल माझं मढं."

चार दिवस बरे गेले. मग चिरा दिल्या होत्या तिथं लाल झालं. लाल पसरलं, तापलं. रात्रभर लंकाबाई फणफणली आणि सकाळी उठून बसली तर गोधडी भिजलेली. घाण वास. मल्हारीनं ओचा बाजूला केला आणि तो दारात जाऊन ओकला.

शनिवार होता, दवाखान्यात मोठ्या डॉक्टरनं पट्टी काढली. चिरा पाहिल्या. त्याचा गोरा चेहरा लालबुंद झाला.

"हे कुणी केलं? कोण गाढवानं इथं पातं चालवलं?"

लंकाबाईनं पदरानं चिरा झाकायला हात नेला, तो त्यानं बाजूला सारला.

"अरे, पाणी होतं ते नुसतं! आपोआप जिरलं असतं. बाहेरची घाण पार जाळीपर्यंत नेऊन पोचवलीत. आता जाळी काढावी लागेल. कळतंय का? मुंबईहून आलेली जाळी! तुम्हा लोकांसाठी काही करायचं म्हणजे..." तो शिकाऊ पोरांकडं वळला. "पाहून ठेवा. ऑपरेशन यशस्वी, आणि पेशंट ते असं मातीत घालतो."

पोरांनी पाहून ठेवलं. त्यातला एक, ज्यानं टिचकी मारली होती, तो खिडकीबाहेर पाहत होता.

"साहेब," लंकाबाई पलंगावरून म्हणाली. तिचा आवाज तापानं घोगरा झाला होता. "पाणी हे, आपोआप जिरंल, हे मला कुणी सांगितलं?"

"काय?"

"मी आले व्हते गाठ घेऊन. ह्या साहेबांनी पाहिली. ते त्या साहेबांना सांगत व्हते. मला म्हणले काय नाय, जा. तवा मला का नाय सांगितलं?"

मोठ्या डॉक्टरनं टिचकीवाल्याकडं पाहिलं. टिचकीवाला म्हणाला, "सर, यांना सांगून काय कळणार होतं?"

मोठ्या डॉक्टरनं त्याला झापलं असतं तर गोष्ट निराळी झाली असती. तो कागदावर काहीतरी लिहीत म्हणाला, "उद्या घ्या हिला." आणि पुढच्या पलंगाकडं गेला.

मल्हारी मुठी आवळून उभा होता. त्याला त्या पोराची गचांडी धरायची होती. पण तीच पोरं उद्या बायकोच्या पोटात हात घालणार होती. गचांडी धरायची तर बायको सुखरूप बाहेर यायला हवी, आणि बाहेर आल्यावर गचांडी धरायला आत कोण सोडतं? गरिबाचा राग असाच खिशात घालून घरी न्यावा लागतो, आणि मग तो घरीच निघतो.

जाळी काढली. दुसऱ्या दिवशी लंकाबाईनं विमलाबाईला विचारलं, "मला दाखव ना."

"काय बघायचंय त्यात? टाकली. नासकं भांड्यात कशाला ठेवतील?"

"दुसरी?"

"दुसरी कुठली गं? तुला सांगितलं ना, ती उरलेली होती. उरलेलं दोनदा उरत नाही."

पोट उघडंच ठेवलं होतं. आत बोळे भरायचे, काढायचे, पुन्हा भरायचे. हळूहळू खालून भरून येईल म्हणाले. भरून आल्यावर पोटाचा उंचवटा पहिल्यापेक्षा मोठा येईल हे कुणी म्हणालं नाही, पण ते आता लंकाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि ती रात्र रात्र एकच विचार करायची. त्या पोरानं सांगितलं नाही. आणि म्हातारीनं डोळ्यांत बघून विचारलं तेव्हा आपण तरी कुठं सांगितलं? पोरावर चिडावं तर म्हातारीचे डोळे आठवायचे. म्हातारीला आठवावं तर पोराची टिचकी. दोन्हीकडून पोट तिचंच फाटलेलं.

दिवाळी वॉर्डातच झाली. भाऊबीज झाल्यावर शकुबाई आली. हातात केळी. पलंगाशी उभी राहिली, बसली नाही.

"देवरामनं दिली का दुसरी?" लंकाबाईनंच विचारलं.

"पुतळाबाईची सून. कोवळी हे. हात कापतात तिचे."

"वर घेताना गुडघा लावायला शिकव."

"शिकवते."

"घमेलं निम्मं भर म्हणावं पयले काही दिवस. तू सांभाळून घे."

शकुबाईनं मान हलवली आणि केळी पलंगावर ठेवून गेली.

त्याच शनिवारी शेजारच्या पलंगावर नवीन बाई आली. ओझरकडची, बागायतदाराच्या घरची, लताबाई नावाची. दुसऱ्या बाळंतपणाला पोट फाडून मूल काढलं होतं, तेच पोट उसवलं होतं. नवऱ्यानं मुंबईला माणूस धाडून जाळी आणली होती, अख्खी. ऑपरेशन झालं, नळी लागली, नळी निघाली. शिकाऊ डॉक्टर सकाळी यायचे, पाहायचे, आपसात बोलायचे, जायचे. जायच्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं की तीन महिने जड उचलायचं नाही.

तेवढंच. लंकाबाई कान देऊन ऐकत होती. पुढं काही नाही.

लताबाई लुगडं नीट करत होती, सासू पिशव्या भरत होती. लंकाबाई कोपरावर उठली. बोळ्यांखालून कळ निघाली ती मेंदूपर्यंत गेली.

"ए ताई," ती म्हणाली. "घरी गेल्यावर तिथं गाठ यील. टाक्यावरच. डुचमळंल. भिऊ नको. पाणी असतं. आपोआप जिरतं. कुणाला सुई लावू देऊ नको, कुणाला चिरू देऊ नको. कितीबी वाढली तरी."

लताबाईनं सासूकडं पाहिलं. सासूनं नाकाला पदर लावला होता. तो तिनं सकाळपासूनच लावलेला होता.

"काय म्हणती ही?"

"गाठ यील म्हणती."

"गाठ येऊ दे तुझ्या वैऱ्याला!" सासू लंकाबाईवर कडाडली. "बरं होऊन घरी चाललेल्या लेकीला अभद्र बोलतीस? स्वतःचं कुजवून बसली आन् दुसऱ्याला शिकवती! कुठल्या वस्तीतली हेस गं तू?"

"मी खरं सांगते, आई. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून..."

"सिस्टर! ओ सिस्टर! हिला आवरा."

सिस्टर आली. "लंकाबाई, पेशंटला घाबरवायचं नाही. झोपा."

"मी घाबरवत नाय. तुम्ही तरी सांगा तिला, पाणी भरतं का नाय? सांगा ना."

"ते डॉक्टर सांगतील. झोपा म्हटलं ना?"

सासूनं सुनेचा दंड धरला आणि तिला दाराकडं नेलं. लताबाई एकदा मागं वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उघड्या पोटाची बाई पाहून येते ती शिसारी होती.

"चिरू देऊ नको गं!" लंकाबाई ओरडली. ओरडताना पोटातले बोळे वर आले, पट्टी ओली झाली. "ताई, कुणाला चिरू देऊ नको!"

जिन्यावरून सासूचा आवाज येत होता. घरी गेल्याबरोबर मीठमिरच्या उतरवून टाकते म्हणत होती, फार वाईट तोंडाची बाई होती ती.